विल्फ हेपलचा तिसरा लीक

विल्फ हेपलने बायकोला उभ्या जन्मात एकच मोठी वस्तू मिळवून दिली, आणि तीही तिला घरी नेता येणार नाही अशी तजवीज करून. हे मी त्याच्या तोंडावरही म्हणायचे. तो हसायचा आणि पेला पुढे सरकवायचा.

मी डोरीन. हॅगहोपच्या कामगार क्लबात बारमागे उभी राहून माझे केस पिकले. या क्लबात बाईला सभासद होता येत नसे, सभेत बसता येत नसे, मत देता येत नसे. बिअर ओतायला मात्र बाईच लागायची. बार आणि सभेची खोली यांच्यामध्ये एक खिडकी होती. सभा सुरू झाली की ती लावून घ्यायचा नियम होता. मी ती बोटभर उघडी ठेवायची. त्या बोटभर फटीतून मी जेवढा राज्यकारभार पाहिला, तेवढा लंडनला पार्लमेंटच्या गॅलरीत बसूनही दिसला नसता.

विल्फ खाणीतून लवकर निवृत्त झाला. छातीत धूळ होती, जिना चढताना तो मध्येच थांबून भिंतीवरच्या चित्राकडे बघतोय असं दाखवायचा. आमच्याकडे पुरुषांच्या दोन जाती, कबुतरवाले आणि लीकवाले. विल्फ लीकवाला. लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा पैलवान भाऊ. बाजारातला अंगठ्याएवढा असतो, स्पर्धेतला मांडीएवढा. स्पर्धा सप्टेंबरात. तीन लीक शेजारी शेजारी मांडायचे, परगावचा परीक्षक येऊन कंपासाने त्यांचा घेर मोजायचा, आणि ज्याचे तीन मिळून सगळ्यांत जाड त्याचं नाव भिंतीवरच्या पाटीवर सोनेरी अक्षरांत.

वाफ्यात विल्फ लीकला काय पाजायचा ते एडनालाही, म्हणजे त्याच्या बायकोलाही, ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की घरातली काळी बिअर तिच्यापेक्षा लीकला जास्त मिळते. एका वर्षी ऑगस्टातच गारठा पडला तेव्हा या महाशयांनी पलंगावरची पिसांची रजई उचलून वाफ्यावर नेऊन घातली.

"आणि मी?" एडना म्हणाली.

"तुला कोट आहे की," विल्फ म्हणाला. "त्यांना कुठे कोट आहे?"

एडना बोलायला खमकी, पण कामाने वाकलेली. तिची आई अंथरुणाला खिळलेली, त्यांच्याच पुढच्या खोलीत. रोजच्या रोज चादरी. सोमवारी परसात पिंप भरायचं, लाकडी दांड्याने धुणं घुसळायचं, मग दोन रुळांच्या पिळणीतून एकेक चादर ओढून काढायची. हिवाळ्यात तिचे हात पाहवत नसत. लीकच्या स्पर्धेत बक्षीस म्हणून पैसे नव्हे, घरातल्या वस्तू द्यायच्या, ही युक्ती ज्या कुणा शहाण्याने काढली त्याला बायकांचा स्वभाव कळत होता. नवरा वर्षभर वाफ्यात लोळतो, पण शेवटी त्यातून एखादं कपाट तरी निघेल या आशेवर आमच्याकडचे संसार टिकले. त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, पहिलं बक्षीस होतं दोन टाक्यांचं धुण्याचं मशीन. एका टाकीत धुवायचं, दुसरीत पिळायचं. ते उन्हाळाभर क्लबाच्या खोलीत नळाशेजारी ठेवलं होतं, आणि एडना काही ना काही निमित्ताने येऊन त्याचं झाकण उघडून बघून जायची.

"डोरीन, त्याचं बटण असं वळवायचं असतं का गं?" ती विचारायची.

"मला काय माहीत? मी अजून पिंपातच आहे, बाई."

त्याच वर्षी एप्रिल फूलच्या दिवशी सरकारने आमची काउंटी, म्हणजे आमचा जिल्हाच, बदलली. थट्टा नव्हे, तारीख खरोखर तीच. त्याआधी आम्ही डरहॅमचे. बापजादे डरहॅमचे, खाणीचा बावटा डरहॅमचा. सकाळी उठलो तर आम्ही एका नव्याकोऱ्या महानगर काउंटीत होतो. महानगर म्हणजे काय? तर हॅगहोपमध्ये दोन रस्ते, एक चर्च, एक क्लब, आणि रस्त्यावर मेंढ्या. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

पूर्वी गल्लीच्या टोकाला आमचं छोटं कौन्सिल होतं. दिवा बंद पडला तर तिथल्या कारकुनाच्या खिडकीवर टकटक करून त्याला शिव्या देता येत. आता दोन मजले झाले. खालच्या मजल्यावर बरो, म्हणजे नगरपालिका, वरच्या मजल्यावर काउंटी. आमच्या दारचा कचरा उचलायचा बरोने, पण तो टाकायचा काउंटीने. म्हणजे केराची गाडी आमचा केर उचलेपर्यंत तो एकाचा, आणि ओतताना दुसऱ्याचा. मधल्या वाटेवर तो कुणाचा होता हे येशूलाच ठाऊक. रस्ता काउंटीचा, झाडू बरोचा. शाळा बरोची, शाळेपर्यंत नेणारी पिवळी बस काउंटीची. एडना म्हणाली, "माझी आई बरी. तिचं सगळं एकाच माणसाकडे आहे. माझ्याकडे."

या सगळ्यात एकट्या माणसाचं भलं झालं, तो सिरिल लेडलर. लीक मंडळाचा अध्यक्ष, पाटीवर ज्याचं नाव ओळीने लागलेलं, आणि आता नव्या काउंटीचा कौन्सिलर. निवडून आल्यापासून तो क्लबात येताना बगलेत गुंडाळलेला नकाशा घेऊन यायचा. बिअरसुद्धा तो "माझ्या मते" असं म्हणून मागायचा. त्याच्या घरी धुण्याचं मशीन होतंच, त्याच्या बायकोला, आयव्हीला, त्याने ते आधीच आणून दिलं होतं. पण पाटीवर आणखी एक ओळ हवी, आणि मशीनही, एक धुण्याला आणि एक शोभेला.

लीकच्या स्पर्धेचा आमचा एक रिवाज आहे. स्पर्धेच्या काही आठवडे आधी मंडळाची माणसं रबरी शिक्का घेऊन प्रत्येकाच्या वाफ्यावर जातात आणि लीकच्या पानांवर शिक्का मारतात, म्हणजे आयत्या वेळी मेव्हण्याचे लीक आणून कुणी आपले म्हणून मांडू नयेत. विल्फच्या वाफ्यावर सिरिल स्वतः आला. पहिल्या लीकवर शिक्का मारला, दुसऱ्यावर मारला, आणि तिसऱ्यापाशी जरा थबकला. तिसरा लीक असा की बघून मेंढीनेसुद्धा वाट सोडावी.

"इथं पूर्वी ओढा होता ना रे, विल्फ?" सिरिलने विचारलं.

"होता की," विल्फ म्हणाला. स्वतःच्या वाफ्याबद्दल कुणी विचारलं की त्याला जगाचं भान राहत नसे. "खाणीचा ढिगारा टाकला तेव्हा पलीकडे वळवला त्यांनी. मूळ ओढा तू उभा आहेस तिथंच. माझ्या बापाने तुझ्या बुटाखाली मासे धरलेत. म्हणून तर माती अशी काळीभोर आहे."

सिरिलने मान डोलावली, शिक्का मारला आणि गेला.

स्पर्धेच्या दिवशी सगळं गाव क्लबात. त्या दिवशी बायकांना खोलीत येऊ देत. परीक्षकाने कंपास लावला, मोजलं, पुन्हा मोजलं, आणि जाहीर केलं की विल्फ हेपल पहिला, सिरिल लेडलर दुसरा. एडना मशीनशेजारीच उभी होती. तिने झाकणावर हात ठेवला, जत्रेत पोराच्या डोक्यावर आई हात ठेवते तसा. मला आजही तो हात आठवतो.

तेवढ्यात सिरिल उठला. "हरकत," तो म्हणाला, आणि टेबलावर नकाशा पसरला.

आमच्या मंडळाचा एक जुना नियम होता. लीक क्लबाच्याच काउंटीच्या मातीत वाढलेला असावा. कधीकाळी कुणीतरी नदीपल्याडच्या चुलत्याचे लीक आणून स्पर्धा जिंकली होती, त्याच्यावर दात ठेवून केलेला नियम. तेव्हा नदीअलीकडचा सगळा मुलूख डरहॅमच होता, म्हणून नियमाने कुणाला कधी चावलं नव्हतं. पण नव्या काउंटीची हद्द आखताना वरच्या लोकांनी जुनाच ओढा धरला होता, पाण्याचा नव्हे, कागदावरचा. नकाशावर ती रेघ बागांच्या मधून, थेट विल्फच्या वाफ्यातून गेली होती.

"पहिला आणि दुसरा लीक आपल्या काउंटीत," सिरिल म्हणाला. "तिसरा डरहॅममध्ये. मला वाईट वाटतं, विल्फ. पण नियम तो नियम."

"वाईट वाटतंय तर बस की खाली," एडना म्हणाली.

विल्फने खिशातून भिंग काढलं, लीकवरची कीड बघायचं, आणि नकाशावर वाकला. फार वेळ वाकून राहिला. मग म्हणाला, "सिरिल, ही रेघ जाड आहे."

"रेघ जाडच असते."

"तशी नव्हे. जाड आहे. माझा लीक रेघेच्या पलीकडे नाही. रेघेत आहे."

परीक्षकाला मोजण्याखेरीज दुसरं व्यसन नव्हतं. त्याने त्याच कंपासाने रेघेची जाडी घेतली, कडेला लिहिलेल्या प्रमाणाशी ताडून पाहिली, आणि सांगितलं की जमिनीवर ही रेघ कोळशाची गाडी आरामात जाईल एवढी रुंद होते, आणि हो, तिसरा लीक तिच्यात पुरता मावतो, पानांसकट.

मग विल्फने विचारलं, "तर मग रेघ कुणाची?"

"काउंटीची," सिरिल म्हणाला.

"कोणत्या?"

या प्रश्नावर बायकांना बाहेर काढून दोन तास सभा चालली. मी खिडकीच्या फटीतून ऐकत होते. एकाचं म्हणणं, रेघ अर्धी अर्धी वाटावी. मग लीक चिरून बघावा लागेल, आणि चिरलेला लीक स्पर्धेत बसत नाही. दुसऱ्याचं म्हणणं, जो रेघ आखतो त्याची ती. पण आखणारा लंडनला, आणि लंडनमध्ये लीक होत नाही. शेवटी ठराव झाला की प्रश्न वर पाठवावा, उत्तर येईपर्यंत निकाल राखून ठेवावा, पाटीवर चौऱ्याहत्तर सालापुढची जागा कोरी सोडावी, आणि बक्षीस क्लबाच्या बाहेर नेऊ नये. समितीला निर्णय न घेण्याचा निर्णय घेता आला की तिच्या चेहऱ्यावर काय तेज येतं, ते मी त्या दिवशी पाहिलं.

एडना घरी गेली. त्या रविवारी ती विल्फशी बोलली नाही. त्याच्या तिसऱ्या लीकबद्दल मात्र तिने गल्लीभर जे सांगितलं ते लिहिण्याजोगं नाही.

सोमवारी सकाळी मी पेले पुसत होते. दार ढकलून एडना आत आली. कमरेवर टोपली, टोपलीत आईच्या चादरी.

"अगं, काय हे?" मी म्हटलं.

"मशीन बाहेर न्यायचं नाही असा ठराव आहे ना? मी कुठं नेतेय? मी कपडे आत आणतेय."

तिने नळाला नळी लावली आणि बटण वळवलं. ते खरंच तसंच वळवायचं होतं. मशीन खडखडून हललं आणि चालू झालं. आम्ही दोघी तिथं उभ्या राहून फेस बघत होतो. एडनाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती सोड्याच्या नावाने खडे फोडत होती.

दुपारी सिरिल आला. नियमांचं पुस्तक उघडलं, मिटलं. बक्षीस वापरू नये असा नियम नव्हता. कुणी वापरेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्याने एक उपसमिती नेमली, ज्यात तो, त्याचा भाऊ आणि त्याचा साडू. उंदराला मांजर साक्ष. या उपसमितीने धुणं म्हणजे वापर की देखभाल यावर विचार सुरू केला. विचार चालू होता तोवर पुढचा सोमवार आला, आणि एडनाबरोबर शेजारची जेनी आली. त्याच्या पुढच्या सोमवारी चौघीजणी. ख्रिसमसपर्यंत क्लबाच्या रंगमंचावर दोऱ्या बांधलेल्या होत्या आणि शनिवारी जिथे गवई उभा राहायचा तिथे सोमवारी अख्ख्या गल्लीचे लेंगे लटकत होते. पुरुष कुरकुरायचे की बिअरला साबणाचा वास येतो. मी म्हणायचे, "येऊ दे. तेवढीच तोंडं धुऊन निघतात."

सगळ्यांत शेवटी आयव्ही लेडलर आली. तिच्या घरी मशीन होतं, तरी टोपली घेऊन आली.

"तुझं बिघडलं का गं?" एडनाने विचारलं.

"नाही," आयव्ही म्हणाली. "पण माझं मशीन बोलत नाही."

त्या दिवसापासून कौन्सिलरसाहेबांच्या लांब चड्ड्या इतरांच्या चड्ड्यांबरोबर रंगमंचावर मिरवू लागल्या, आणि उपसमितीचा विचार कायमचा थंडावला.

वरून उत्तरं येत होती. नवी कचेरी सांगायची, रेघ जुन्या हद्दीवरून घेतली आहे, डरहॅमला विचारा. डरहॅम सांगायचं, रेघेपर्यंत आमचं, रेघ आमची नाही. लंडन सांगायचं, तुमचा प्रश्न पोचला. दर सप्टेंबरात सिरिल सभेत उठून "प्रकरण विचाराधीन आहे" असं म्हणायचा आणि दर सप्टेंबरात विल्फ पाटीवरच्या कोऱ्या जागेकडे बघायचा. तो पुन्हा कधी पहिला आला नाही. छाती साथ देईना, वाफा खणताना धाप लागायची. चौऱ्याहत्तरचे ते तीन लीक हेच काय ते त्याचं आयुष्य होतं, आणि ते रेघेत अडकून पडलं होतं.

"घे ना दुसरं मशीन हप्त्याने," तो एकदा एडनाला म्हणाला. मी ऐकलं.

"माझं आहे एक," ती म्हणाली. "क्लबात."

एडनाची आई गेली. चादरी कमी झाल्या, पण सोमवार कमी झाला नाही. दोन माणसांच्या धुण्याला किती वेळ लागतो? एडना सकाळी यायची ती दुपारी जायची. मशीनचा पट्टा तुटला की खाणीतल्या फिटरांच्या बायका नवऱ्यांना कान धरून आणायच्या. हळूहळू मूळ मशीनचं झाकणच तेवढं उरलं, बाकी सगळं खाणीच्या वर्कशॉपातलं होतं.

मग चौऱ्याऐंशी सालचा तो खाणकामगारांच्या संपाचा काळ आला. वर्षभर खाणी बंद, घरात पगार नाही, थंडीत चूल नाही. पेपरात लिहून आलं की खाणगावांतल्या बायका एका रात्रीत संघटित झाल्या. एका रात्रीत कसल्या? आमच्याकडे त्या दहा वर्षं दर सोमवारी जमत होत्या. कोण उधळी, कोण काटकसरी, कुणाचा नवरा उपाशी असूनही सांगणार नाही, हे सगळं त्यांना एकमेकींच्या चादरींवरून माहीत होतं. मशीनशेजारी त्यांनी मोठी पातेली चढवली आणि सगळ्या गावाला जेवू घातलं. त्या सप्टेंबरात लीकची स्पर्धा झाली नाही. एका सकाळी विल्फ ढकलगाडी घेऊन क्लबाच्या दारात आला. गाडीत त्याचे सगळे लीक होते, मुळांसकट.

"चिर," तो एडनाला म्हणाला.

"हे? अरे, हे स्पर्धेचे आहेत."

"रस्सा होतो म्हणतात त्यांचा. मी कधी खाल्ला नाही."

तिने चिरले. तो बाहेर जाऊन उभा राहिला, त्याला बघवेना. पण नंतर आत येऊन दोन वाट्या प्यायला.

शहाऐंशीच्या मार्चअखेर सरकारने महानगर काउंट्यांची कौन्सिलं मोडीत काढली. म्हणजे जन्म एप्रिल फूलचा आणि मरण त्याच्या आदल्या रात्रीचं. गंमत बघा, कौन्सिल गेलं पण काउंटी राहिली. नकाशावर तीच रेघ, पत्त्यात तेच नाव, फक्त कारभार करणारं कुणी नाही. नवरा गेला पण लग्न राहिलं, अशातली गत. बसेसना एक मंडळ, आगीच्या बंबांना दुसरं, केर बरोकडे. सिरिल कौन्सिलर राहिला नाही. त्याला बंबांच्या मंडळावर घेतलं नाही म्हणतात. नकाशा मात्र त्याच्या बगलेत होताच.

त्या सप्टेंबरातल्या सभेत तो उठला. खोली भरलेली. मी खिडकीची फट धरून बसलेली, आणि माझ्या शेजारी बारमागे एडना, पेले पुसायला मदत करायला म्हणून आलेली.

"मित्रहो," सिरिल म्हणाला, "ज्या कौन्सिलकडून आपण उत्तराची वाट बघत होतो ते आता नाही. म्हणून प्रश्नही उरलेला नाही. मी माझी हरकत मागे घेतो. चौऱ्याहत्तरचा विजेता म्हणून विल्फ हेपलचं नाव पाटीवर लिहावं, आणि बक्षीस सन्मानाने त्याच्या घरी पोचवावं."

टाळ्या पडल्या. आयजीच्या जिवावर बायजी उदार. त्याचं काय जात होतं? शिवाय मला माहीत होतं, पुरुषांना मशीनच्या जागेवर स्नूकरचं टेबल हवं होतं. विल्फच्या पाठीवर थापा पडत होत्या. म्हातारा लाल झाला होता, हसत होता, पाटीकडे बघत होता. बारा वर्षांनी त्याची जागा भरणार होती.

मी एडनाकडे वळले. म्हटलं, "जिंकलीस की गं शेवटी."

ती पेला पुसतच राहिली. पुसून झालेला पेला.

"घरी ठेवू कुठं ते?" ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "सोमवारी मी काय करू, डोरीन? दोन उशांचे अभ्रे आणि त्याचा एक सदरा. ते धुऊन झाल्यावर?"

मी नियम मोडला आणि खिडकी पुरती उघडली, का ते मलाही सांगता येणार नाही. आवाजाने विल्फने इकडे पाहिलं. ऐकू त्याला गेलं नसणार, त्याचे कान खाणीतच राहिले होते. त्याने फक्त खिडकीत तिचा चेहरा पाहिला. बराच वेळ पाहिला, भिंग लावून बघावं तसा. हसू त्याच्या तोंडावरून उतरलं. मग टेबलाला धरून तो उठला. त्याला उठायला वेळ लागायचा, म्हणून खोली आपोआप गप्प झाली.

"हरकत," विल्फ म्हणाला.

"कशाला हरकत?" सिरिल म्हणाला.

"निकालाला."

"अरे, निकाल तुझ्या बाजूने आहे."

"असू दे. सभासदाला हरकत घेता येते ना? नियम आहे." त्याने दम घेतला. "कौन्सिल गेलं. काउंटी गेली का?"

सिरिलने नकाशाकडे पाहिलं. सवयीने. "काउंटी... तशी नाही गेली."

"मग रेघ आहे. आणि रेघ आहे तर माझा तिसरा लीक तिच्यात आहे. रेघ कुणाची हे कळत नाही तोवर मी जिंकलो असं मी म्हणू देणार नाही. नियम तो नियम, सिरिल."

"पण सांगणार कोण आता? विचारायचं तरी कुणाला?"

"ते मला काय माहीत? मी लीकवाला माणूस," विल्फ म्हणाला आणि खाली बसला.

आमचा क्लब सगळं मोडेल पण नियम मोडणार नाही. हरकत नोंदवली गेली. निकाल राखून ठेवला. बक्षीस क्लबाच्या बाहेर नेऊ नये हा ठराव कायम. स्नूकरचं टेबल आलं नाही.

सभा सुटल्यावर तो बारशी आला. मी न सांगता पेला भरला. एडना पुढ्यात उभी. पाटीवरची कोरी जागा त्याच्या डोक्यामागेच होती, आणि त्याने ती बघायला मान वळवली नाही.

"माझ्यापेक्षा लीकचं तुला जास्त पडलंय असं मी लग्न झाल्यापासून म्हणत आलेय," एडना म्हणाली. "आता काय म्हणू?"

"तेच म्हणत जा," विल्फ म्हणाला. "सवय मोडू नकोस."

तिने त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली, जराशी जोरातच. सोमवारी ती नेहमीच्या वेळेला आली. दार तिने उघडून धरलं होतं, कारण टोपली विल्फच्या हातात होती.